लिव्हअबोर्ड बोट निवडण्याआधी कुस्तोचं आयुष्य वाचा : रेग्युलेटर, कॉम्प्रेसर आणि कॅलिप्सोची गोष्ट



मागच्या महिन्यात लातूरहून माझ्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर दोन पीडीएफ टाकल्या. एक इजिप्तची, तांबड्या समुद्राच्या उत्तर भागातली सात रात्रींची सफर. दुसरी मालदीवची, तीही सात रात्रींचीच. विमानासकट खर्च जवळपास सारखा. खाली एकच ओळ होती, मामा यातली कुठली?

भाचा लातुरात क्लासेसवर फिजिक्स शिकवतो. दोन वर्षांपूर्वी स्कूबाचा पहिला कोर्स केला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात हेच. ज्या शहरानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर दिवस काढले, तिथला पोरगा आठवडाभर पाण्यातच राहायचं म्हणतो, म्हणून घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही. कारण मीच त्याच्या आधी हे येड लावून घेतलं होतं आणि एकदा त्याची किंमतही मोजली होती, ती पुढं सांगतो.

मी त्याला म्हणलं, केबिनचे फोटो बाजूला ठेव, आधी जाक-इव्ह कुस्तोचं आयुष्य वाच. या माणसानं आपण आज तोंडात धरतो तो रेग्युलेटर घडवण्यात निम्मा वाटा उचलला. शिवाय बोटीवर महिनोन्‌महिने राहून डायव्हिंग करायची पद्धतही त्यानंच जगाला दाखवली. पाण्याखाली होऊ शकणाऱ्या बहुतेक चुका त्यानं किंवा त्याच्या माणसांनी आपल्या आधी करून ठेवल्यात.

लिव्हअबोर्ड म्हणजे काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिव्हअबोर्ड म्हणजे राहती बोट. झोपणं, जेवणं, सिलिंडर भरणं सगळं तिच्यावरच होतं आणि दिवसातून तीन-चार वेळा तुम्ही पाण्याखाली जाता. किनाऱ्यावरून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यात जिथं पोचता येत नाही, तिथं ही बोट रात्रीतून नेऊन सोडते. फायदा तोच, आणि धोकाही तिथूनच सुरू होतो. तुम्ही सात दिवस एका छोट्या तरंगत्या कारखान्यात राहता. त्यात इंजिन आहे, जनरेटर आहे, हवेचा कॉम्प्रेसर आहे, स्वयंपाकाची आग आहे आणि चार्जिंगला लावलेल्या पन्नासेक बॅटऱ्या आहेत.

मोडलेले हात आणि उसना गॉगल

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युबझाक या गावातला. १९३० मध्ये तो नौदलाच्या अकादमीत गेला. त्याला व्हायचं होतं वैमानिक. १९३६ मध्ये मोटारीचा मोठा अपघात झाला, दोन्ही हात मोडले आणि विमानाचा विषय तिथंच संपला. हातात ताकद यावी म्हणून तो तूलाँजवळच्या समुद्रात पोहायला लागला. तिथं नौदलातल्याच फिलिप तायेझ नावाच्या मित्रानं त्याला पाण्यात घालायचा गॉगल दिला. गॉगल लावून त्यानं डोकं पाण्यात घातलं आणि पुढची साठ वर्षं ते बाहेर काढलंच नाही म्हणा ना. १९३७ मध्ये सिमोन मेलशियोरशी लग्न झालं. तिचे वडील एर लिक्विड या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते. ही सोयरीक पुढं फार कामाला आली.

गॉगल मिळाला, पण श्वासाचं काय? आमच्याकडं विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधायचे. जरा धीट झालो की पपईच्या देठाची नळी तोंडात धरून आम्ही पाण्याखाली बसायचो. वीतभर खाली जमायचं. लांब नळी घेऊन परसभर खाली गेलं की छातीच हलायची नाही. कारण साधं आहे. वर हवेचा दाब एक ॲटमॉस्फिअर, आणि दर १० मीटर पाण्यामागं आणखी एक वाढतो. तुमची छाती पाण्याच्या दाबात असते आणि नळीतली हवा मात्र वरच्या, कमी दाबाची. ती आत ओढायला फुप्फुसांत तेवढा जोर नसतो. म्हणजे खाली श्वास घ्यायचा तर हवासुद्धा खालच्या पाण्याच्याच दाबाची हवी. जास्त नको, कमी नको.

कुस्तोच्या आधी लोकांनी यावर बरंच डोकं लावलं होतं. १८६०च्या दशकात रुकेरोल आणि दनेरूझ या दोघा फ्रेंचांनी श्वास घेतला तरच हवा सोडणारं यंत्र केलं होतं, पण तेव्हाच्या टाक्यांत पुरेशी हवा मावत नव्हती. १९२६ मध्ये ल प्रियरनं सिलिंडर पाठीवर आणला, पण त्यात हवा सतत वाहत राहायची आणि लवकर संपायची. कुस्तोनं शुद्ध ऑक्सिजनचा प्रयोग करून पाहिला. १९३९च्या सुमारास, १५ मीटरच्या आतच, त्याला झटके आले आणि शुद्ध जाता जाता तो वर आला. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन मेंदूला विषासारखा असतो, हे तो स्वतःच्या अंगावर शिकला.

हे आजही लागू आहे. इजिप्तच्या त्या पीडीएफमध्ये नायट्रॉक्स फुकट असं ठळक छापलं होतं. नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, साधारण ३२ टक्के. त्यानं शरीरात नायट्रोजन कमी साठतो, आणि दिवसाला चार डाइव्ह करणाऱ्याला त्याचा खरंच फायदा होतो. पण ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला खोलीची मर्यादा सुमारे ३३ मीटरची. त्याखाली गेलं की कुस्तोला झालं तेच होऊ शकतं. म्हणून प्रत्येक सिलिंडर स्वतः ॲनालायझर लावून तपासायचा आणि आकडा स्वतःच्या हातानं लिहायचा. ज्या बोटीवर हे करायला सांगत नाहीत, तिथं फुकटचं नायट्रॉक्स महागात पडेल.

गॅसच्या मोटारीतून आलेला रेग्युलेटर

दुसरं महायुद्ध सुरू झालं. जर्मनांनी फ्रान्स घेतला, पेट्रोल मिळेना. मोटारी गॅसवर चालवायला लागल्या. आपल्याकडंही त्या काळात कोळशाच्या गॅसवर बस आणि लॉऱ्या धावायच्या, जुन्या लोकांना आठवत असेल. एर लिक्विडमध्ये एमिल गान्यां नावाचा इंजिनिअर होता. इंजिन जेवढा गॅस मागेल तेवढाच सोडणारा व्हॉल्व्ह त्यानं बनवला होता. १९४२च्या डिसेंबरात कुस्तो पॅरिसला जाऊन त्याला भेटला. इंजिनाच्या जागी माणूस ठेवायचा, एवढीच त्याची मागणी होती.

तुमच्या घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर डोळ्यापुढं आणा. आत एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या हालचालीवर व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. शेगडीचा रेग्युलेटर एका ठरावीक दाबानं गॅस सोडतो. डायव्हिंगच्या रेग्युलेटरमध्ये पडद्याच्या एका बाजूला समुद्राचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या तोंडातली हवा. तुम्ही श्वास ओढला की आतला दाब किंचित कमी होतो, बाहेरचं पाणी पडदा आत ढकलतं, पडदा व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा येते. आतला दाब पाण्याएवढा झाला की पडदा परत जागेवर. म्हणजे तुम्ही ५ मीटरवर असा की ३० वर, हवा आपोआप तिथल्याच दाबाची मिळते. वीज नाही, चिप नाही. भाच्यानं हे वर्गात फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा बॉईलचा नियम पोरांच्या पहिल्यांदा डोक्यात घुसला, असं तो म्हणतो.

१९४३च्या जानेवारीत मार्न नदीच्या गार पाण्यात पहिली चाचणी झाली, आणि यंत्र फसलं. कुस्तो आडवा असताना ठीक चालायचं. उभा राहिला की हवा भसाभसा वाया जायची, डोकं खाली केलं की श्वास ओढताना दम लागायचा. कारण सापडायला त्यांना वेळ लागला नाही. श्वास सोडायची नळी आणि पडदा यांच्यात अंतर होतं. उभं राहिल्यावर एक वर, एक खाली, म्हणजे दोन्हीकडं पाण्याचा दाब वेगळा. सोडलेली हवा बाहेर जायचं तोंड त्यांनी पडद्याच्या शेजारीच आणून बसवलं आणि प्रश्न मिटला. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. शोध म्हणजे काय, तर वितभर नळी इकडची तिकडं. त्याच वर्षी जूनमध्ये भूमध्य समुद्राच्या काठी बांदोलजवळ कुस्तो हे यंत्र घेऊन समुद्रात उतरला. वर सिमोन पाण्यात तरंगत त्याच्यावर नजर ठेवून होती. पुढं हे यंत्र ॲक्वालंग नावानं जगभर विकलं गेलं.

या काळाची एक काळी बाजूही आहे. कुस्तोचा थोरला भाऊ पिएर-आंत्वान ज्यूद्वेषी, जर्मनांच्या बाजूच्या साप्ताहिकात लिहायचा. युद्धानंतर त्याला मृत्युदंड झाला, नंतर तो कमी करून कैदेत बदलला. जाकनं भावासाठी कोर्टात नौदलाच्या गणवेशात साक्ष दिली. माणूस सरळ रेषेत नसतो, एवढं लक्षात ठेवून पुढं जाऊ.

सिलिंडरमधली हवा कुणी भरली?

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी दिवसाला दोन डाइव्हचं पॅकेज घेतलं. बोट कुणाची, कुठली ते सांगत नाही. दुसऱ्या डाइव्हला हवेला जळक्या तेलाचा वास येत होता. मी गप्प बसलो, म्हणलं नवीन माणूस, उगाच कशाला बोलायचं. वर आलो तेव्हा डोकं फुटायला आलेलं, उलट्या झाल्या, संध्याकाळपर्यंत उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कॉम्प्रेसरची हवा आत घ्यायची नळी इंजिनच्या धुराड्यापासून दोन हातांवर होती.

घरी नांदेडला परत आल्यावर कुस्तोबद्दल वाचताना मला १९४६ची गोष्ट सापडली. फ्रान्समध्ये फोंतेन द वोक्लूज नावाचा एक झरा आहे, डोंगराच्या पोटातून येणारा. तो किती खोल आहे हे शोधायला कुस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा दोरीला धरून आत उतरले. खाली गेल्यावर दोघांचंही डोकं चालेना. काय करायला आलो तेही आठवेना. वर नौदलाचा मॉरिस फार्ग दोरी धरून बसला होता. त्यानं ओढून काढलं म्हणून दोघं वाचले. नंतर उरलेली हवा तपासली तर तिच्यात कार्बन मोनॉक्साइड निघाला. कॉम्प्रेसरनं आपलाच धूर आत ओढून सिलिंडरात भरला होता.

वर जेवढा कार्बन मोनॉक्साइड नुसतं डोकं दुखवेल, तेवढाच ३० मीटरवर चौपट दाबानं फुप्फुसात जातो. त्याला स्वतःला वास नसतो. मला तेलाचा वास आला हे माझं नशीब. ज्या माणसानं रेग्युलेटर बनवला, तोच हवेच्या एका चुकीनं मरता मरता वाचला, हे वाचून मी त्या रात्री झोपलो नाही.

ज्या फार्गनं त्यांना ओढून काढलं, तो पुढच्याच वर्षी गेला. १९४७ मध्ये माणूस साध्या हवेवर किती खोल जाऊ शकतो याची चाचणी चालू होती. फार्ग १२० मीटरपर्यंत गेला, तिथं लावलेल्या पाटीवर त्यानं सहीही केली, आणि मग दोरीवरचे इशारे थांबले. दाबाखाली नायट्रोजनची नशा चढते, दारूसारखी. ॲक्वालंग लावून मेलेला कुस्तोचा हा पहिला माणूस. आज हौशी डायव्हरला ४० मीटरची शेवटची हद्द घालून दिलेली असते, पहिला कोर्स केलेल्याला १८ मीटरची. ते आकडे कुणी टेबलाशी बसून काढलेले नाहीत.

एक फ्रँक भाड्याची बोट

१९५० मध्ये कुस्तोला बोट मिळाली. दुसऱ्या महायुद्धातली सुरुंग काढणारी लाकडी बोट, अमेरिकेत सिॲटलला बांधलेली, ब्रिटिश नौदलात राबलेली, आणि नंतर माल्टा आणि गोझो या बेटांमध्ये माणसं-मोटारी नेणारी फेरी. नाव कॅलिप्सो. लोएल गिनेस नावाच्या श्रीमंत इंग्रजानं ती विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक नाममात्र भाड्यानं कुस्तोला दिली. बोट मिळाली तरी तिला चालवायला पैसा लागतोच. सिमोननं दागिने मोडले. बोटीच्या नाकाशी पाण्याखाली खिडक्यांची खोली बसवली, डेकवर कॉम्प्रेसर आला, डायव्हर पाण्यात उतरायला सोय झाली. १९५१च्या अखेरीस ती पहिल्या मोठ्या मोहिमेवर तांबड्या समुद्रात गेली. आजच्या प्रत्येक लिव्हअबोर्डची ही आजीच. व्हिएन्नाचा हान्स हासही झारिफा नावाचं जहाज घेऊन १९५०च्या दशकात हेच करत होता आणि तो मालदीवपर्यंत गेला होता, पण जगानं चेहरा लक्षात ठेवला तो लाल टोपीवाल्या कुस्तोचा.

त्या बोटीवर सगळ्यात जास्त दिवस कोण राहिलं? सिमोन. नवऱ्यापेक्षा आणि दोन्ही मुलांपेक्षा जास्त. खलाशी तिला बर्जेर म्हणायचे, म्हणजे मेंढपाळीण. कुणाचा ताप, कुणाचं भांडण, किती इंधन उरलं, सगळं तिच्याकडं. सिनेमांत मात्र ती जवळपास दिसतच नाही.

१९५०च्या दशकातच कॅलिप्सोच्या लोकांनी सिनाईच्या टोकाजवळ थिसलगॉर्म हे बुडालेलं ब्रिटिश मालवाहू जहाज शोधलं. ६ ऑक्टोबर १९४१ ला जर्मन विमानांनी ते बुडवलं होतं. आत मोटारसायकली, ट्रक, बंदुका, डेकवर रेल्वेची इंजिनं. जहाज सुमारे ३० मीटर खोल तळावर आहे. पुढं कित्येक वर्षं ते विसरलं गेलं आणि १९९०च्या दशकात डायव्हर्सना परत सापडलं. आज तांबड्या समुद्राच्या उत्तरेच्या जवळपास प्रत्येक लिव्हअबोर्डच्या पत्रकावर त्याचंच नाव पहिलं असतं. भाच्याच्या पीडीएफवरही होतं.

१९५६ मध्ये द सायलेंट वर्ल्ड हा सिनेमा आला. सोबत दिग्दर्शक होता लुई माल, तेव्हा तेवीस-चोवीसचा पोरगा. कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पुढं ऑस्करही. मी तो पाहिला तेव्हा सुरुवातीला डोळे दिपले आणि मधेच बंद करावासा वाटला. मासे मोजायला म्हणून प्रवाळात सुरुंग लावलाय. बोटीच्या पंख्यात सापडून व्हेलचं पिल्लू जखमी होतं, रक्तावर शार्क येतात, तर खलाशी त्या शार्कनाच डेकवर ओढून कुऱ्हाडीनं मारतात. कासवाच्या पाठीवर बसून फिरतात. १९५४ मध्ये याच बोटीनं अबू धाबीच्या समुद्रात तेलाचा शोधही घेऊन दिला होता, पैशासाठी.

हाच माणूस पुढं बदलला. १९६० मध्ये फ्रान्सनं किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचं ठरवलं, तेव्हा तो विरोधात उभा राहिला आणि ते थांबलं. १९६३ मध्ये सुदानजवळ शाब रूमी या प्रवाळावर त्यानं पाण्याखाली १० मीटरवर घर बांधलं आणि पाच माणसं तिथं महिनाभर राहिली. त्यावरच्या वर्ल्ड विदाउट सन या सिनेमालाही ऑस्कर मिळालं. त्या घराचा सांगाडा अजून तिथं आहे. सुदानमध्ये २०२३ पासून युद्ध चालू झालं, त्यामुळं तिकडची सफर मी भाच्याच्या यादीतून आधीच काढून टाकली. मग टीव्हीची मालिका, १९७३ मध्ये कुस्तो सोसायटी. सत्तरच्या दशकात तो जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक झाला.

शेवट मात्र कडू. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ उडत्या बोटीच्या अपघातात गेला. बापाचा वारसा त्याच्याकडंच जायचा होता. १९९० मध्ये सिमोन गेली. नंतर कुस्तोनं फ्रान्सिनशी लग्न केलं, तिच्यापासून त्याला आधीच दोन मुलं होती. थोरल्या जां-मिशेलशी कुस्तो या नावाच्या वापरावरून कोर्टबाजी झाली. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. तिला वर काढून फ्रान्सला आणलं, पण मालकीच्या भांडणात ती वर्षानुवर्षं कुजत पडली. कुस्तो २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये गेला, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन.

रात्री जागलीला कोण?

हे सगळं मी लातूरला बहिणीच्या घरी बसून सांगत होतो. अक्का भाजी निवडत ऐकत होती. तिला ना रेग्युलेटरशी देणंघेणं ना मालदीवशी. तिनं एवढंच विचारलं की सगळे झोपल्यावर त्या बोटीवर जागलीला कोण असतं. आमच्याकडं हरभरा, ज्वारी पोटऱ्यात आली की शेतावर रात्री जागल करतात, तिच्या डोक्यात ते.

मी गप्पच झालो. कारण २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाची डायव्हिंगची बोट रात्री पेटली, तेव्हा नेमकं हेच नव्हतं. खालच्या मजल्यावर झोपलेले सगळे ३४ जण गेले. रात्रीचा फिरता पहारा ठेवला नव्हता. बाहेर पडायला जिना आणि आणीबाणीचं झाकण असे दोन मार्ग होते, पण दोन्ही वरच्या एकाच खोलीत उघडायचे आणि आग तिथंच होती. कप्तानाला पुढं कोर्टानं दोषी धरलं. तांबड्या समुद्रातही नोव्हेंबर २०२४ मध्ये सी स्टोरी ही बोट पहाटेच्या अंधारात मार्सा आलमकडं बुडाली आणि माणसं केबिनमध्ये अडकून मेली. त्यानंतर ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेनं तिकडच्या डायव्हिंग बोटींबद्दल जाहीर इशाराही दिला. दोन्ही वेळी झोपलेली माणसंच गेली. मी पाण्याखालच्या धोक्यांची यादी करत बसलो होतो आणि अक्कानं थेट पाण्यावरच्या धोक्यावर बोट ठेवलं.

मग आम्ही काय ठरवलं?

भाच्याला सुट्टी मिळते ती मेमध्ये नीट परीक्षा उरकल्यावरच. लातूर पॅटर्नमध्ये त्याआधी श्वास घ्यायला सवड नसते. मेच्या अखेरीस मालदीवला नैऋत्य मोसमी पाऊस सुरू झालेला असतो, वारा आणि लाटा असतात. त्या दिवसांत मांटा रे मासे काही ठिकाणी उलट जास्त दिसतात, पण राहती बोट आठवडाभर हेलकावे खाते, आणि भाचा नांदेडच्या गोदावरीत नावेत बसला तरी हिरवा होतो. मालदीवचं पाणी वर्षभर २७ ते ३० अंश. तिथले नामांकित डाइव्ह ॲटॉलच्या कडेच्या खिंडींमध्ये असतात, समुद्राचं पाणी तिथून जोरात आत-बाहेर जातं. नवशिक्याचं ते काम नाही. तांबड्या समुद्राच्या उत्तरेला हिवाळ्यात पाणी २२ अंशांपर्यंत उतरतं, पण मेअखेरीस ते पंचविशीच्या आसपास असतं आणि हवा कोरडी. व्हिसाचं काम मालदीवला सोपं, इजिप्तला कागद आधी करावे लागतात. ते एक जमेल.

खरी अडचण वेगळीच होती. त्याच्या वहीत फक्त ९ डाइव्ह आणि परवाना १८ मीटरचा. थिसलगॉर्म ३० मीटरवर, वर प्रवाह. त्याच्या पैशानं तो जहाजाच्या वरच्या टोकाभोवती घिरट्या घालून आला असता, किंवा कुणीतरी चल रे म्हणून त्याला खाली नेलं असतं. दुसरी शक्यता मला जास्त भीतीची वाटते.

दोन्ही कंपन्यांना आम्ही ईमेल केली. कॉम्प्रेसरची हवा घ्यायची नळी कुठं आहे आणि हवेची शेवटची तपासणी कधी झाली. खालच्या केबिनमधून दुसरा रस्ता कुठला आणि तो कुठं उघडतो. रात्री पहाऱ्यावर किती जण आणि बॅटऱ्या कुठं चार्ज करतात. मालदीववाल्यांनी दोन दिवसांत फोटोंसकट सरळ उत्तर दिलं. इजिप्तच्या त्या बोटीकडून दहा टक्के सवलत आणि डेकवरच्या गरम पाण्याच्या टबाचा फोटो आला. परत विचारलं तर सवलत पंधरा टक्के झाली.

मालदीवची बोट चांगली, पण महिना चुकीचा. मग इजिप्तमधल्याच आणखी चार बोटींना तेच प्रश्न धाडले. एकीनं नीट उत्तर दिलं. रात्रीच्या पहाऱ्याचा तक्ता, इंजिन रूमचे फोटो, झाकण उघडून वर येणारा खलाशी असा छोटा व्हिडिओसुद्धा. बोट जुनी, केबिन लहान, टब-बिब काही नाही, आणि माणशी अठरा हजार रुपये जास्त. भाचा जरा कुरकुरला. अक्का आत गेली आणि डब्यातून पैसे काढून त्याच्यापुढं ठेवले. ते त्यानं घेतले नाहीत, पण कुरकूर थांबली.

आता दिवाळीच्या सुट्टीत तो ३० मीटरचा ॲडव्हान्स्ड कोर्स करणार आणि जमतील तेवढे डाइव्ह वहीत वाढवणार. मी सोबत जाणार आहे. इजिप्तचं परतीचं विमान आम्ही शेवटच्या डाइव्हनंतर २४ तासांनी ठेवलंय. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर निदान १८ तास थांबायला सांगतात, कारण अंगात साठलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुड्यांसारखा सुटू शकतो. हैदराबादला उतरून तो लातूरला जाईल, मी नांदेडला. आगाऊ रक्कम गेल्या सोमवारी भरली. कार्बन मोनॉक्साइड मोजायचा छोटा मीटर मी वेगळा मागवलाय, तो अजून आलेला नाही.